फौजी नवऱ्याच्या स्टेशनवर पहिल्यांदा घर मांडताना: आधी काय, मग काय

नवऱ्याला पीस स्टेशन (जिथे कुटुंब सोबत नेता येतं असं ठिकाण) मिळाल्याचा फोन आला की घरात पहिलं काम सुरू होतं ते पेट्या भरायचं. पापड, कुरड्या, तुरीची डाळ, गाद्या, जमलं तर कूलरसुद्धा. कागदांची आठवण होते ती तिकडे पोचल्यावर. मग ग्रामपंचायतीतला एखादा दाखला जालंधरहून नाहीतर तेजपूरहून मागवायचा, भासऱ्यांनी (थोरल्या दिरांनी) शेतातलं काम टाकून तालुक्याला खेटे घालायचे, आणि तोवर इकडे ना सैन्याच्या दुकानाचं कँटीन कार्ड, ना शाळेत प्रवेश.

हा क्रम उलटा करायचा आहे. आधी कागद, मग क्वार्टर, मग पोरांची शाळा, आणि सामान शेवटी. तयारीला दोन-अडीच महिने धरा. खाली लिहिलंय ते विदर्भातल्या जवान, एनसीओ (नायक, हवालदार) आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) घरच्यांसाठी आहे.

## टप्पा १: कागद, गावात असतानाच

लग्नाची सैन्याच्या दप्तरी नोंद होते ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटमार्फत निघणाऱ्या नोंदीच्या आदेशाने. ती निघाली नसेल तर तुम्ही फौजीची बायको आहात हे गावाला माहीत असतं, सैन्याला नाही. क्वार्टरच्या यादीत नाव, डिपेंडंट कार्ड, एमएचमधला (मिलिटरी हॉस्पिटल) उपचार, कुटुंबाचं रेल्वे वॉरंट (ज्यावर सरकारी खर्चाने तिकीट मिळतं), सगळं या एका नोंदीवर चालतं. म्हणून नवऱ्याला पहिला प्रश्न विचारा: "पार्ट टू निघाली का? तिच्यात माझं नाव कसं लिहिलंय?" त्या ओळीचा फोटो मागवून घ्या.

पार्ट टूसाठी मुख्य कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. गावात ते ग्रामपंचायतीत मिळतं, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच विवाह निबंधक असतात. अर्ज नमुना ‘ड’मध्ये होतो आणि प्रमाणपत्र नमुना ‘ई’मध्ये मिळतं. लग्नापासून ९० दिवसांत अर्ज द्या, नंतर नोंद होते पण शुल्क वाढतं. तीन साक्षीदार लागतात, त्यांचे आधार आणि लग्नपत्रिका सोबत ठेवा. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत किंवा नोटरी केलेलं भाषांतर त्याच फेरीत करून घ्या. हे कागद नवऱ्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, तपासले जातात. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीला आहे, तिथे एकवेळ मराठी कळेल. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला आहे, आणि पुष्कळ कोअरची (सैन्याच्या इतर शाखांची) तर आपल्यापासून फार दूर आहेत.

सर्वात जास्त अडतं ते नावावर. लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची चाल आपल्याकडे अजून आहे. हौस म्हणून ठीक, पण कागदावर ते नाव आणू नका. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरं नाव असलं की क्लार्क फाइल परत करतो, आणि त्यात त्याची चूक नसते. माहेरचंच पूर्ण नाव ठेवलं तरी कायद्याने काही अडत नाही. नवऱ्याचं नाव-आडनाव लावायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडून आधी आधार बदला, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून फॉर्म भरताना इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचा. आडनावाला फार जपा. वानखडे आणि वानखेडे आपल्याला एकच वाटतात, कॉम्प्युटरला ती दोन माणसं. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जे स्पेलिंग आहे तेच तुमच्या आणि पोरांच्या कागदावर हवं.

पोरांच्या जन्माचीही वेगळी पार्ट टू निघते. जन्मदाखल्यावर आईचं नाव विवाह प्रमाणपत्राशी जुळतं का ते पाहा. बाळाचं नाव दाखल्यात चढवलेलं नसेल तर आताच चढवा.

याच वेळी नॉमिनेशनही (नवऱ्याच्या पश्चात पैसे कुणाला मिळावेत ते नाव) बघा. भरतीच्या वेळी बहुधा आईचं नाव दिलेलं असतं. लग्नानंतर ग्रुप इन्शुरन्स, एएफपीपी फंड (सैनिकांचा भविष्य निर्वाह निधी) आणि पगाराचं बँक खातं, तिन्हीकडे फॉर्म नव्याने भरायचे असतात. आई आणि बायको दोघींचे हिस्से टक्क्यांत लिहिता येतात. हा विषय घरात काढायला जड जातं, म्हणून तो वर्षानुवर्षं राहून जातो. नवरा सुट्टीवर असताना मामाजी (सासरे) आणि सासूबाईंसमोर उघडपणे बोलून टाका. मागाहून कळलेल्या कागदावरून घरं फुटतात.

फाइलमध्ये हे असू द्या:

- विवाह प्रमाणपत्र मूळ आणि पाच झेरॉक्स, जोडप्याचा एकत्र फोटो सहा प्रती, तुमचे पासपोर्ट साइझ फोटो बारा
- सगळ्यांचे आधार, तुमचं पॅन, बँकेचं पासबुक
- पोरांचे जन्मदाखले आणि लसीकरणाचं कार्ड
- तुमच्या मार्कशीट, माहेरच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तोही
- गरोदर असाल तर आशाताईने दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट

मूळ कागद पेटीत भरू नका. ते खांद्यावरच्या पिशवीत, अंगासोबत.

तपासा: आधारला चालू मोबाइल नंबर जोडलाय ना? तो मामाजींच्या किंवा भावाच्या फोनचा असेल तर बदला. परराज्यात गेल्यावर प्रत्येक ओटीपी गावाला जाईल, आणि तिकडे माणूस शेतात असेल.

## टप्पा २: क्वार्टरचा नंबर हातात येईपर्यंत गाव सोडू नका

क्वार्टर ज्येष्ठतेच्या यादीने मिळतं. ‘येत्या महिन्यात लागेल’ याचा अर्थ तीन महिनेही होऊ शकतो. गेस्ट रूम थोड्याच दिवसांसाठी असते, आणि ओळखीच्या फौजीच्या घरी लहान पोरांना घेऊन पंधरा दिवस काढणं दोन्ही घरांना जड जातं. नवऱ्याकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: अलॉटमेंट लेखी झालं का, क्वार्टर रिकामं झालं का, आणि दुरुस्ती-रंगकाम बाकी आहे का. तिसरा प्रश्न सगळे विसरतात. अलॉटमेंट झालेलं क्वार्टर दुरुस्तीत महिनाभर अडकलेलं असू शकतं.

क्वार्टर लागत नसेल तर बाहेर भाड्याने राहता येतं, पण आधी युनिटकडून आऊट लिव्हिंग परमिशन घेऊन. परवानगीशिवाय खोली घेतली की घरभाडे भत्ता अडकतो आणि नवऱ्याला जाब द्यावा लागतो. घरमालकाशी लेखी भाडेकरार करा.

सावध: पोस्टिंग फील्ड एरियात (सीमेजवळच्या किंवा तणावाच्या भागात) असेल तर कुटुंब नेता येत नाही. ‘सगळे नेतात’ म्हणून जवळच्या शहरात गुपचूप खोली घेण्याच्या फंदात पडू नका. अशा वेळी दुसऱ्या स्टेशनवर वेगळ्या फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करता येतो. त्याची चौकशी युनिटच्या क्लार्ककडेच करायची.

## टप्पा ३: शाळा (इथे महिना चुकला की वर्ष जातं)

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, राज्यातल्या बाकी शाळांपेक्षाही उशिरा. त्यामुळे आपल्या डोक्यात प्रवेश म्हणजे जून. केंद्रीय विद्यालय आणि बहुतेक आर्मी पब्लिक स्कूलचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि केंद्रीय विद्यालयात पहिलीचे अर्ज त्याच्याही आधी ऑनलाइन निघतात. जून उजाडेपर्यंत जागा भरलेल्या असतात. पोरगं शाळेतलं असेल तर फेब्रुवारीपासून नवऱ्याला तिथल्या शाळेत चौकशी करायला लावा. गरज पडली तर नवरा आधी, तुम्ही वार्षिक परीक्षेनंतर, असं ठरवा.

वयाचा घोळ लक्षात घ्या. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चलाच सहा पूर्ण लागतात. म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेलं, गावात पहिलीत शिकत असलेलं पोरगं तिकडे दुसरीत घ्यायचं की पुन्हा पहिलीत, हा प्रश्न उभा राहतो. निघण्याआधी त्या शाळेकडून उत्तर मिळवा आणि मगच इथला दाखला काढा.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघताना:

1. मुख्याध्यापकांकडून शाळा सोडल्याचा दाखला घ्या, जमल्यास मराठी-इंग्रजी दोन्हीत.
2. परराज्यात जायचं असल्याने त्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. कुठे मागतात, कुठे नाही, पण मागितली तर त्या एका सहीसाठी परत यावं लागतं.
3. यू-डायस प्लसमधला (शाळा-विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या आणि शाळेला तिथली नोंद मोकळी करायला सांगा. जुन्या शाळेने ती सोडली नाही तर नव्या शाळेला मूल ऑनलाइन घेता येत नाही.
4. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं.

मराठी शाळेतल्या पोराला एकदम हिंदी-इंग्रजी वर्ग मिळतो. लिपी तीच असल्याने हिंदी दोन-तीन महिन्यांत येते. खरी अडचण गणिताची, कारण पाढे आणि आकडे तो मराठीत बोलतो. सुट्टीत एक ते शंभर आकडे इंग्रजीत आणि हिंदीत तोंडी करून घ्या. हिंदीतले उनतीस, उनतालीस, उनसठ मोठ्यांनाही चकवतात.

तुमचं स्वतःचं शिक्षण अर्धवट असेल तर विद्यापीठातून मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) आणि गुणपत्रकं आताच काढा. इग्नूची अभ्यास केंद्रं देशभर आहेत, दर पोस्टिंगला कॉलेज बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं.

## टप्पा ४: सामान

क्वार्टर दोन खोल्यांचं, आणि दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा बांधायचं आहे. याच मापाने सामान निवडा. मिक्सर, इस्त्री, कुकर कँटीनमध्ये बाजारापेक्षा स्वस्त मिळतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्हीही कँटीनमार्फत मागणी नोंदवून घेता येतात. नागपुरात दुकानातून घेऊन ट्रकने नेण्यात काही अर्थ नाही.

कूलरबद्दल स्पष्ट सांगायचं तर आपला लोखंडी पत्र्याचा कूलर न्यायचा नाही. कोरड्या हवेत तो चालतो, म्हणजे पंजाब-राजस्थानात मे-जूनमध्ये कामाचा आहे, पण तिथे तो तिथेच मिळतो. आसाम, बंगाल किंवा किनारपट्टीला हवेतच इतकी ओल असते की गवताच्या ताट्यांतून गारवा येतच नाही, खोली फक्त दमट होते.

खाण्याचं काय न्यावं? ज्वारी न्या, पण दाणे न्या, पीठ नाही. पीठ काही आठवड्यांत कडवट होतं आणि भाकर थापताना चिरते. दहा किलो दाणे पुरे. तिकडच्या चक्कीवर गहूच दळतात. आधीच्या गव्हाचं पीठ मिसळू नये म्हणून पहिलं मूठभर पीठ वेगळं काढायला सांगा. तिखट आणि काळा मसाला सहा महिन्यांचा न्या, कारण भिवापुरी मिरचीची चव उत्तरेकडच्या तिखटाला नाही. जवस, तीळ, मुगवड्या, सरगुंडे हलके असतात, चालतात. तूरडाळ सगळीकडे मिळते, पोतं नेऊ नका. लोणच्याची बरणी पेटीत घातलीत तर अर्ध्या वाटेत कपड्यांना तेल लागणारच. स्टीलच्या घट्ट डब्यात, वर प्लास्टिक बांधून, हातातल्या पिशवीत ठेवा.

वाकळ एक-दोन असू द्या, पण उत्तरेच्या थंडीला ती पुरत नाही. रजया तिथेच घ्या.

सावध: गॅस सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही, रिकामासुद्धा नाही. कनेक्शन सासूबाईंच्या नावावर असेल तर ते घरीच राहू द्या. तुमच्या नावावर असेल तर सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते. नव्या ठिकाणी त्याच व्हाउचरवर कनेक्शन निघतं. शेगडी सोबत न्या.

## टप्पा ५: प्रवास

आरक्षण गाडीच्या दिवसापासून ६० दिवस आधी उघडतं. वॉरंटवर जायचं असेल तर त्यावरची नावं आणि वयं आधारशी ताडून बघा. स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान मोफत असतं, त्यावरचं पार्सल ऑफिसात बुक करा. सामान वाहतुकीचा खर्च बदलीच्या भत्त्यातून मिळायचा असेल तर तिकीट, पार्सल पावती, ट्रकची बिल्टी, एकही कागद फेकू नका. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने उत्तरेकडच्या गाड्या आठ-दहा तास लेट होतात. पोरांचे स्वेटर, मोजे, टोप्या पेटीच्या तळाशी नकोत, आणि खाणं एक वेळ जास्तीचं घ्या.

## टप्पा ६: क्वार्टर ताब्यात घेताना

याला मार्चिंग इन म्हणतात. एमईएसचा (सैन्याचा बांधकाम-देखभाल विभाग) माणूस यादी घेऊन येतो, नवरा घाईत सही करून मोकळा होतो, आणि दोन वर्षांनी मार्चिंग आउटच्या वेळी फुटलेल्या काचा, गायब नळ, तडकलेलं बेसिन यांचे पैसे बॅरक डॅमेज म्हणून पगारातून जातात. सही करण्याआधी अर्धा तास द्या:

1. प्रत्येक नळ सोडून बघा, सिंकखाली हात फिरवून ओल आहे का पाहा.
2. संडासात एक बादली पाणी ओता. तुंबत असेल तर तेव्हाच कळतं.
3. पंखे सगळ्या स्पीडवर, दिवे, प्रत्येक सॉकेटला मोबाइल चार्जर लावून.
4. खिडक्यांच्या काचा, जाळ्या, कड्या, मागच्या दाराचं कुलूप.
5. वीज मीटरचं रीडिंग तारखेसह वहीत लिहा.
6. जे तुटलंय ते यादीवरच लिहून घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

दुरुस्तीची तक्रार एमईएसच्या रजिस्टरमध्ये नोंदवायची. इमारत आणि नळाचं काम बी अँड आरकडे, विजेचं ई अँड एमकडे. चुकीच्या ठिकाणी लिहिलं तर तक्रार पडून राहते. नंबर आणि तारीख टिपून ठेवा, आठवड्याने परत विचारा.

इंडक्शन शेगडी साधारण २००० वॅटची असते. ती ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला लावू नका, १६ अँपिअरचं मोठंच हवं. गीझर आणि इंडक्शन एकदम चालवू नका.

## टप्पा ७: पहिले पंधरा दिवस

डिपेंडंट कार्ड आणि कँटीनच्या स्मार्ट कार्डचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. कँटीनचं कार्ड कसं चालवायचं, सुट्टीचा वार कोणता, महिन्याची मर्यादा किती, हे एकदा नवऱ्यासोबत जाऊन बघा आणि पुढच्या वेळी एकट्या जा. एमआय रूमचंही (युनिटचा छोटा दवाखाना) तसंच. साधं आजारपण आधी एमआय रूममध्ये, तिथून लिहून दिल्यावर एमएच. पोरं तापलेली असताना पहिल्यांदा रस्ता शोधायची वेळ येऊ नये. गरोदर असाल तर एमएचमध्ये लगेच नाव नोंदवा. बाळंतपण तिथेच झालं तर जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि त्या फॉर्मवर तुमचं नाव पार्ट टूप्रमाणेच हवं.

वेल्फेअरच्या (फौजींच्या बायकांच्या) बैठकीला जायला संकोच वाटतो, हिंदी अडखळतं. तरी जा. कुठल्या शाळेत जागा आहे, शिवणाचा वर्ग कधी, कुठला डॉक्टर कोणत्या दिवशी बसतो, हे तिथेच कळतं. शेजारणी एकमेकींना भाभी म्हणतात, तेवढं पुरतं. रँक नवऱ्यांची असते. हवालदाराच्या बायकोने नायकाच्या बायकोला काम सांगायचं नसतं, आणि कोणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणता येतं.

## टप्पा ८: पहिला हिवाळा

४५ अंशांची सवय असलेल्या माणसाला पाच अंशांत काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवून झोपणं ही जीवघेणी चूक आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. शेगडी पेटवलीच तर खिडकी चार बोटं उघडी, आणि झोपण्याआधी ती खोलीबाहेर. गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरातही झरोका बंद करायचा नाही. बाळाला जाड एक कपडा घालण्यापेक्षा पातळ तीन घाला, घाम आला की एक काढता येतो.

## टप्पा ९: नवरा एक्सरसाइजला गेला की

एक्सरसाइज म्हणजे युद्धसराव. त्यासाठी युनिट आठवडे-महिने बाहेर जाऊ शकतं आणि कधी तिथे फोनही लागत नाही. त्याआधी घरात हे असलं पाहिजे: तुमच्या स्वतःच्या नावाचं एटीएम कार्ड, युनिटच्या ड्युटीवरच्या माणसाचा नंबर, एमआय रूमचा नंबर, एका शेजारणीचा नंबर, आणि हे सगळं फोनबरोबर कागदावरही, स्वयंपाकघराच्या भिंतीला.

सावध: ‘साहेब निघाले ड्युटीवर’ असं स्टेटस ठेवू नका. युनिटचं नाव, जागा, गाड्या, गेट, वर्दीवरची चिन्हं गावच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. माहेरी व्हिडिओ कॉल घराच्या आतूनच करा. ‘रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, पार्ट टूसाठी ओटीपी सांगा’ असा फोन आला की ठेवून द्या. पार्ट टूचं काम युनिटमार्फत होतं, फोनवर ओटीपी घेऊन नाही.

गावाकडचे पाहुणे यायचे असतील तर त्यांचे आधार आधी मागवून पास काढून ठेवा. मामाजींना गेटवर दोन तास उभं राहावं लागलं तर त्याचा राग वर्षभर पुरतो.

मतदानाचंही इथेच उरका. नवरा सर्व्हिस व्होटर (सैनिक म्हणून नोंदलेला मतदार) असेल तर त्याच्यासोबत राहणारी बायकोही सर्व्हिस व्होटर म्हणून नाव देऊ शकते. मात्र गावच्या यादीत आणि तिकडे, दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

## टप्पा १०: पुढची पोस्टिंग आली की

महिनाभर आधी एमईएसला कळवून बारीक दुरुस्त्या करून घ्या. स्वतः बदललेली काच बॅरक डॅमेजपेक्षा स्वस्त पडते. मार्चिंग इनची जपलेली प्रत आता काढा. विजेचं शेवटचं रीडिंग समोर घ्यायला लावा, बिल भरल्याची पावती आणि नो ड्यूज घ्या. शाळेचा दाखला, गॅसचं टर्मिनेशन व्हाउचर, एमएचमधली उपचाराची कागदपत्रं, तिन्ही निघण्याच्या आठवडाभर आधी हातात हवीत, कारण शेवटच्या दोन दिवसांत रविवार किंवा सुट्टी हमखास येते.